शुद्ध म्हणून ठेवलेलं रक्त

रोज सकाळी दहा वाजता मी डासांना जेवू घालते. डावा हात कोपरापर्यंत जाळीच्या पिंजऱ्यात घालायचा, दहा मिनिटं हलवायचा नाही, आणि शंभर-सव्वाशे माद्या पोटभर जेवल्या की हात बाहेर काढून थंड पाण्याखाली धरायचा. नर चावत नाहीत, ते बिचारे साखरेच्या पाण्यावर जगतात. हे सांगितलं की बायका हसतात आणि पुरुष विषय बदलतात. अकरा वर्षं हे काम करतेय. पहिली दोन वर्षं खाज सुटायची, आता तीही नाही.

आमच्या संस्थेत मलेरियावर संशोधन चालतं. एका खोलीत रोगी डास, मध्ये दोन दारं, आणि पलीकडच्या खोलीत निरोगी डास. निरोगी खोली माझी. प्रयोग म्हटला की दोन गट लागतात: एकाला काहीतरी केलेलं असतं, दुसऱ्याला काहीच केलेलं नसतं. ज्याला काही केलेलं नाही तो कंट्रोल. म्हणजे मी कंट्रोलची अन्नदात्री. शिवाय कंट्रोलचं रक्तही माझंच. दर महिन्याला माझ्या दंडातून दोन चमचे रक्त काढून फ्रीजमधल्या एका बाटलीत ठेवतात. बाटलीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं ‘शुद्ध’. बाहेरून तपासायला येणारं प्रत्येक रक्त त्या बाटलीशी ताडून बघायचं, असा नियम. मला याचा अभिमान होता, कशाला लपवू? जन्मात मला कुणी देखणी म्हटलं नाही, हुशार म्हटलं नाही, पण शुद्ध, आणि तेही लेबल लावून! मग मी नाकाने कांदे सोलायला मोकळी.

त्या सोमवारी मी हात पुसत होते, एवढ्यात दुर्बीण दारात येऊन उभा राहिला. दुर्बीण म्हणजे मायक्रोस्कोपवर बसणारा आमचा सहकारी. दिवसभर डोळा भिंगाला चिकटलेला, आणि समोर ठेवलेला चहाचा कप मात्र त्याला दिसत नाही, म्हणून हे नाव.

“ताई, तुम्ही पिंजरे बदललेत का?”

“मी दोन वर्षं चप्पल बदललेली नाही, पिंजरे कशाला बदलू?”

तो हसला नाही. “तुमच्या डासांच्या पोटावर फोड आहेत. मलेरियाचे. वीस कापले, त्यातल्या तिघांत सापडले.”

निरोगी डास एरवी कोणी कापून बघत नाही. जो आजारी नाही त्याला कशाला तपासायचं? पण आमच्या प्रमुख मॅडमचा लेख कुठेतरी छापायला गेला होता आणि तिथल्या कुणा शहाण्याने उलट विचारलं होतं, की तुमचे निरोगी डास निरोगी कशावरून? म्हणून या वेळी कापले.

मॅडम धावतच आल्या. एक दार उघडं राहिलं असेल, जाळी फाटली असेल, कोणीतरी पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या उलट्यापालट्या केल्या असतील, असं त्या म्हणत गेल्या, आणि ‘कोणीतरी’ म्हणताना दर वेळी त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जाळी दाखवली, दारं दाखवली, अकरा वर्षांच्या नोंदी समोर आपटल्या.

“भांडू नका,” दुर्बीण म्हणाला, “चिठ्ठ्यांची भानगड नाहीये ही. आपण पाळतो ती जातच नाही. या फोडांतले दाणे जाड आहेत, काळपट आहेत. ही दुसरी जात. हिचा ताप दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी येतो. आपल्या संस्थेत ही कधी आणलेलीच नाही.”

“मग आली कुठून?” मॅडमनी विचारलं.

मला पुढचं ऐकूच आलं नाही. दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अगदी तशाच फुल्या मारलेल्या होत्या, आणि त्या माझ्याच हाताने.

माझी एकुलती एक लेक दहा आठवड्यांपूर्वी बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. पोट उघडून टाके घालावे लागले, तीन पिशव्या रक्त लागलं. तिच्या गटाच्या दोनच होत्या, तिसरी मी दिली. रक्तपेढीतल्या बाईने फॉर्म भरताना विचारलं होतं, कधी मलेरिया झालाय? मी म्हटलं, बाई, माझं रक्त दर महिन्याला तपासलं जातं, हे बघा प्रमाणपत्र. तिने कौतुकाने बघितलं होतं. त्यांनीही एक झटपट तपासणी केली, तीही चांगली आली. लेक घरी आली. सात आठवडे बरे गेले. मग एका दुपारी दोन वाजता तिला हुडहुडी भरली. तीन रजया घातल्या तरी दात वाजत होते. संध्याकाळपर्यंत घाम फुटून ताप उतरला आणि पुढचे दोन दिवस ती ठणठणीत. आम्ही म्हटलं गेलं एकदाचं. तिसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा तेच.

असे तीन आठवडे गेले होते. ती परत हॉस्पिटलमध्ये होती. पायांवर सूज, लघवीला फेस, चेहरा कागदासारखा. सर्जनचं म्हणणं असं, की आतल्या टाक्यांजवळ कुठेतरी पू झालाय. फोटोत काहीतरी ढगाळ दिसतंय. गुरुवारी सकाळी पोट पुन्हा उघडून बघू. “अंगात रक्त कमी आहे, धोका आहे,” हेही त्यांनीच सांगितलं आणि जावयाची सही घेतली.

सोमवार होता. म्हणजे आज दोन वाजता ताप.

बस पकडून हॉस्पिटलला जाताना माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. पहिला विचार आला तो असा, की एखादा डास माझ्या कोटाला चिकटून घरी आला आणि लेकीला चावला. म्हणजे मीच नेला. पण त्या डासाला रोग कोणी दिला? माझे डास अंड्यातून बाहेर येतात ते माझ्याच पिंजऱ्यात, बाहेरचं जग त्यांनी बघितलेलं नाही. बरं, लेकीकडून डासाला आला म्हणावं तर लेक कधी संस्थेच्या फाटकातही आलेली नाही. डासाकडून लेकीला की लेकीकडून डासाला? दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून भिंतच लागली. माझा थांबा मागे गेला तोही कळला नाही, उलटी चालत आले.

दोन वाजून पाच मिनिटांनी ती कुडकुडायला लागली. मी पिशवीतून सुई आणि काचेच्या पट्ट्या काढल्या.

“आई, सगळे भोसकून भोसकून दमले, आता तू?”

“एक थेंब. गप्प बस.”

“हा कसला हट्ट? तुला घरीच ठेवायला हवं,” ती दात वाजवत म्हणाली, पण बोट पुढे केलं. मी पट्टीवर थेंब पसरला आणि एका छोट्या नळीत थोडं रक्त घेतलं. सिस्टर बघत होती. कोपऱ्यात जावई नातीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. लेकीला ताप असला की बाळाला तिच्याजवळ देत नसत.

मंगळवारी सकाळी मी पट्टी दुर्बिणीपुढे ठेवली. कुणाची ते सांगितलं नाही. त्याने भिंगाला डोळा लावला आणि पट्टी हळूहळू सरकवत बघत राहिला.

“लाल पेशीवर आडवा पट्टा दिसतोय,” तो शेवटी म्हणाला. “कमरेला पट्टा बांधावा तसा. हीच ती जात, ताई. पुस्तकातल्या चित्रासारखी. कुणाचं आहे?”

“माझ्या लेकीचं.”

त्याने पहिल्यांदाच डोळा भिंगापासून काढून माझ्याकडे नीट बघितलं. मग खुर्ची सरकवून उठला आणि म्हणाला, “नळी आणा. मशीनवर घेऊ, म्हणजे कुणाला शंका नको.”

आमचं मशीन रक्तातला परजीवी शोधतं आणि कागदाच्या एका पट्टीवर रेघ काढून दाखवतं. प्रत्येक जातीची रेघ वेगळ्या उंचीवर उमटते. परजीवी जास्त तर रेघ ठळक, कमी तर फिकट. शेजारी नेहमीप्रमाणे कंट्रोल, म्हणजे ‘शुद्ध’ बाटलीतलं रक्त. तीन तास लागले. त्या तीन तासांत मी डासांना साखरेचं पाणी दिलं आणि लगेच पुन्हा दिलं.

पट्टी आली. लेकीच्या नावाखाली ठळक रेघ होती. शेजारच्या रकान्यात, कंट्रोलखाली, नेहमीची फिकट रेघ होती. ती रेघ आम्हाला घरच्यासारखी ओळखीची. अकरा वर्षं रोज दिसते. आमच्या जातीच्या उंचीवर नाही, म्हणून तिच्याकडे कोणी लक्षच द्यायचं नाही. मशीन जुनं आहे, घाण पकडतं, एवढी रेघ म्हणजे शून्य समजायचं, असं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवलं जायचं. शिकवणारी बहुतेक वेळा मीच.

दुर्बिणीने पट्टीवर फूटपट्टी आडवी ठेवली. ठळक रेघ आणि फिकट रेघ एकाच उंचीवर होत्या. केसाचाही फरक नव्हता.

“ही घाण नाही,” तो हळूच म्हणाला.

मला अजूनही उमजलं नव्हतं, देवाशपथ सांगते. मी म्हटलं, “म्हणजे बाटली खराब झाली? लेकीचं रक्त बाटलीत सांडलं असेल का?”

“बाटली अकरा वर्षं खराब आहे, ताई. कालची नाही.” तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. “बाटलीत कुणाचं रक्त आहे?”

“माझं.”

“तुमचे डास कुणाला चावतात?”

“मला.”

“दर महिन्याला तुमची तपासणी होते, ती कशाशी ताडून?”

बाटलीशी. माझं रक्त माझ्याच रक्ताशी ताडून बघत होतो आणि ‘तंतोतंत जुळतंय, शुद्ध’ असं लिहीत होतो. इतकी शिकलेली माणसं त्या इमारतीत, सगळ्यांना माहीत होतं की बाटली माझी, आणि कोणाच्याही डोक्यात कधी आलं नाही. माझ्याही नाही.

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” दुर्बीण म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं.

“पण मी आजारी नाही!” मी ओरडले. “मला साधी सर्दी होत नाही. मला ताप आल्याचं कुणी बघितलंय?”

“ही जात अशीच आहे. थोडीशी राहते, गुपचूप, वर्षानुवर्षं. शरीर तिला मारत नाही, ती शरीराला मारत नाही. दुसऱ्याच्या अंगात गेली की मात्र तिथे हा समझोता नसतो.”

समझोता! मी कुणाशी, कधी केला? मला तर कुणी विचारलंही नाही. मी तिथेच स्टुलावर बसले. लेकीला दिलेली ती पिशवी डोळ्यांपुढे आली, गडद, टम्म फुगलेली. ती टांगली तेव्हा मी जावयाला म्हटलं होतं, आता काळजी नाही, आईचं रक्त आहे. माझी मलाच शिसारी आली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. मी समजू शकते. अकरा वर्षांतला प्रत्येक निकाल त्या बाटलीशी ताडलेला. “ताई, आठ दिवस द्या. बाहेरच्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेऊ. तोवर बाहेर बोलायचं नाही. चुकीचं निघालं तर हसं होईल, आणि खरं निघालं तर...”

“गुरुवारी तिचं पोट फाडणार आहेत.”

“मी नाही म्हणत नाही. पण संस्थेचा कागद मी आज देऊ शकत नाही.”

आयुष्यभर मी वरिष्ठांपुढे मान खाली घातली, कारण नोकरी हवी होती. त्या दिवशी मात्र म्हटलं, “कागद तुमचा तुमच्यापाशी ठेवा. लेक माझी आहे.” दुर्बीण मागोमाग बाहेर आला, लेकीच्या रक्ताची काचेची पट्टी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “कुणी विचारलं तर मी हरवली म्हणेन. माझ्या वस्तू हरवतात यावर कुणाचाही विश्वास बसतो.”

बुधवारी सकाळी सर्जन राउंडला आले तेव्हा मी पलंगाच्या आणि त्यांच्या मधेच उभी राहिले. सोबत तापाच्या डॉक्टरीण होत्या, वयस्कर, कमी बोलणाऱ्या.

“मलेरिया?” सर्जन हसले. “बाई, या शहरात तीस वर्षांत मलेरिया नाही. कुठून येणार?”

“माझ्याकडून.”

“म्हणजे?”

“माझ्या रक्ताच्या पिशवीतून. हे बघा, तापाचे दिवस. ही पट्टी. तुमच्याकडे भिंग असेल ना?”

जावयाने माझ्याकडे बघितलं, मग बाळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. लेक डोळे मोठे करून बघत होती. मला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. छे, तसं काही झालं नाही. भर चौकात कोणीतरी पदर ओढावा तसं झालं.

“तुम्हाला कधी ताप आला होता?” सर्जननी विचारलं.

“कधीच नाही.”

“मग हे कसं शक्य आहे?” ते तापाच्या डॉक्टरणीकडे वळले. त्यांनी पट्टी घेतली आणि खाली गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या. “ऑपरेशन नको,” एवढंच सर्जनना म्हणाल्या, आणि सिस्टरला गोळ्यांचं नाव सांगितलं. तीन दिवसांच्या गोळ्या. दीडशे तपासण्यांनंतर तीन दिवसांच्या गोळ्या! मग त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि लहानपणाबद्दल विचारलं.

लहानपणी आम्ही धरणाच्या कामावर होतो. वडील तिथे गवंडी, राहायला पत्र्याच्या खोल्या, मागे साठलेलं पाणी. मी सात वर्षांची, धाकटा भाऊ चार वर्षांचा. एका वर्षी दोघांनाही थंडीताप आला, एवढं आई सांगायची. मला नीट आठवत नाही. माझा आपोआप गेला. त्याची पावलं सुजली, मग पोट, मग चेहरा, डोळे उघडेनात. आई म्हणायची मीठ जास्त झालं, आजूबाजूचे म्हणायचे दृष्ट लागली. तो वारला.

“सूज किडनीची असणार,” डॉक्टरीण म्हणाल्या. “या जातीचा लहान मुलांच्या किडनीवर परिणाम होतो. कधी कधी मोठ्यांच्याही. म्हणून लेकीच्या पायांवर सूज आहे. वेळेवर कळलं, बहुतेक उतरेल. महिन्याभराने नक्की सांगता येईल.”

“त्याला आणि मला एकच डास चावला असेल?”

“शक्य आहे.”

“मग तो का गेला आणि मी का राहिले?”

“ते मला सांगता येणार नाही. ते कुणालाच नीट सांगता येत नाही.”

पन्नास वर्षं. भावाला ज्याने नेलं त्याला मी पन्नास वर्षं पोसलं, त्याच्यावर ‘शुद्ध’ लिहून फ्रीजमध्ये ठेवलं, डासांना पाजलं आणि शेवटी लेकीला दिलं. त्यांनी मलाही त्याच गोळ्या दिल्या. हातात धरून बसले. मी आजारी होते का? मग बरं व्हायचं म्हणजे काय व्हायचं? मला तर काहीच होत नव्हतं. गोळी कडू लागली, एवढंच कळलं.

गुरुवारी दोन वाजता लेकीला थोडी कणकण आली आणि गेली. शनिवारी तिला घरी सोडलं. रविवारी पुन्हा तापाची पाळी होती. जेवणं उरकून मी तिच्या पलंगाशी थर्मामीटर घेऊन बसले. दीड वाजला, दोन वाजले, सव्वादोन. तिच्या कपाळाला हात लावला, गार. तीन वाजता ती उशीला टेकून केस विंचरत होती आणि मी तशीच बसून होते.

नात पाळण्यात रडायला लागली. जावई औषधं आणायला गेला होता.

“आई, घे ना तिला.”

“हात धुऊन येते.” मी गेले, साबण लावला, धुतले, पुन्हा साबण लावला. परत आले तर ती अजून रडत होती. मी पाळण्याशी उभी राहून नुसतीच झोका देत राहिले.

“बुधवारपासून तू तिला एकदाही उचललं नाहीस,” लेक म्हणाली. “मी बघतेय.”

“जावईबापूंना काय वाटेल...”

“त्यांचं राहू दे. हा हात लावल्याने होतो का?”

“नाही.”

“मांडीवर घेतल्याने?”

“नाही गं. डास लागतो, नाहीतर रक्त.”

“गोळ्या संपल्या तुझ्या?”

“शुक्रवारीच.”

“मग?”

सगळं माहीत असून हात पुढे जात नव्हते. लेक पलंगावरून उठली, डुगडुगत्या पायांनी पाळण्यापर्यंत आली, बाळाला उचललं आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या छातीशी दिलं. मला धरावंच लागलं, नाहीतर पडलं असतं.

“त्या दिवशी तिसरी पिशवी आली नसती तर हिला आई नसती,” ती रागावून म्हणाली. तिला धाप लागली होती. “डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय मला. तुला कोणी नाही सांगितलं, कारण तू विचारलंच नाहीस. आता काय रडायचं ते रड, पण हिला धरून रड.”

मी रडले. भावासाठी, की लेकीसाठी, की स्वतःचीच लाज वाटून, ते अजून मला उलगडलेलं नाही. पोर मात्र रडायची थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.